ओव्याचे फूल आणि गुळणीच्या औषधाचा वास



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्याने होतात ते आमचे सर आम्हांला आठवीत विज्ञान शिकवीत. मी पुढे मराठीचा प्राध्यापक झालो, जुन्या वैद्यकविषयक बाडांच्या भाषेवर प्रबंध लिहून पदवी मिळवली, आणि विज्ञानाशी माझा संबंध तेथेच संपला असे सर्वांना वाटत होते. मलाही वाटत होते. म्हणून आजचा विषय कळवल्यावर चालकांचे पत्र आले, की तोंड खळखळून धुण्याच्या बाटलीतल्या औषधाला जो एक विशिष्ट वास येतो त्यावर आपण बोलणार आहात, की आमच्या वाचण्यात काही चूक झाली आहे? चूक झालेली नाही. विषय तोच आहे, आणि तो मला सरांनीच दिला होता. फक्त मी त्याकडे वळायला साठ वर्षे लावली.

प्रसंग थोडक्यात सांगतो. आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या तोंडाला वास येई. आम्ही त्याला एक नाव ठेवले होते. ते मी येथे उच्चारणार नाही, पण ते शोधून काढणाऱ्यांत मी होतो आणि त्या वयातही माझा शब्दांवर हात बसलेला होता, एवढे कबूल करतो. तो मुलगा हळूहळू शेवटच्या बाकावर गेला आणि बोलेनासा झाला. सरांच्या हे ध्यानात आले असावे. एके दिवशी त्यांनी प्रयोगशाळेत काचेचे ऊर्ध्वपातनाचे पात्र मांडले, पाण्यात मूठ-दोन मुठी कुटलेला ओवा घातला, आणि खाली स्पिरिटचा दिवा लावला. नळीतून थेंब थेंब पाणी आले, त्यावर तेलाची पातळ साय. सरांनी ते पाणी पेल्यांत ओतून पातळ केले आणि सांगितले, "आता सर्वांनी चूळ भरायची. मी पहिला." सरांनी भरली, मग पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सर्वांनी भरली. वर्गभर एकच वास झाला. कोणाच्या तोंडाचा कोणता हे कोणाला सांगता येईना.

त्या दिवशी सर म्हणाले होते, की विलायती बाटलीतले औषध आणि हा ओवा यांचा वास एकाच पदार्थाचा आहे. ते कितपत खरे, याचा शोध म्हणजे आजचे हे व्याख्यान.

प्रथम शब्दांकडे पाहू, कारण तो माझा धंदा आहे. आपण 'चूळ' म्हणतो तो संस्कृत 'चुलुक', म्हणजे ओंजळभर किंवा तोंडभर पाणी. गुळणी वेगळी. आयुर्वेदाने तर आणखी बारीक भेद केला: तोंड गच्च भरून द्रव हलू न देता धरून ठेवणे तो गंडूष, आणि तोंडात फिरवणे तो कवल. तोंडाला सुवास यावा म्हणून काय धरावे याची यादी चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहे. तीत जायफळ, सुपारी, लवंग, कंकोळ, विड्याचे पान, कापूर, वेलदोडा हे सर्व आहे. पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लास' रचला, त्यात राजाच्या तांबूलभोगाला स्वतंत्र जागा दिली आहे. विड्याचे हे शास्त्र फार प्रगत होते. परंतु चरकाच्या त्या यादीत ओवा नाही. ओवा म्हणजे यवानी, ती पोटासाठी. मी ज्या बाडांवर काम केले त्यांतही ओवा भेटतो तो सैंधवाबरोबर, पोटशूळावर आणि अजीर्णावर. तेव्हा 'हे सारे आमच्याकडे आधीच होते' असे म्हणून टाळ्या घेण्याचा मोह आजच्या वक्त्याने आवरला पाहिजे. पदार्थ आपल्याकडे होता. तोंडाच्या सुवासासाठी त्याची योजना नव्हती. तोंडाचा आपला वास लवंग-कापराचा.

मग ओवा त्या बाटलीत गेला कसा?

याचे उत्तर आपल्या माळव्यातून सुरू होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. ओव्याच्या बियांत सुमारे दोन ते चार टक्के उडणारे तेल असते. ओव्याचा अर्क काढून तो गार जागी ठेवला, की तेलातून पांढरे स्फटिक सुटतात. त्यांना बाजारात 'ओव्याचे फूल' आणि हिंदीत 'अजवाइन का फूल' म्हणत. 'अर्क' हा शब्द येथे अरबीतून आला आहे, मूळ अर्थ घाम. भट्टीवरच्या भांड्याला सुटलेला घाम तो अर्क. आणि 'फूल' म्हणजे झाडाचे फूल नव्हे, द्रवावर किंवा भांड्याच्या झाकणाला उमलल्यासारखे जमणारे सत्त्व. कारागिरांनी दिलेली ही नावे विद्वानांनी दिलेल्या कितीतरी नावांपेक्षा चांगली आहेत.

फ्लुकिगर आणि हॅन्बरी यांचा 'फार्माकोग्राफिया' १८७४ साली लंडनला छापला गेला. त्यात नोंद आहे, की हे स्फटिक पुण्यात आणि दख्खनमधल्या इतर गावांच्या दुकानांत विकले जातात. मुंबईचे डायमॉक यांनी पश्चिम हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवर लिहिले. हे फूल उज्जैनला आणि मध्य हिंदुस्थानात इतरत्र तयार होते, असे त्यांच्या लिखाणात येते. उज्जैन तेव्हा शिंदे सरकारच्या ग्वाल्हेर संस्थानात होते. म्हणजे आपण येथून रात्रीच्या जेवणाला परत येऊ एवढ्या अंतरावर हा उद्योग चालत होता, त्याला ना कारखाना होता ना कंपनी. अत्तारांची आणि अर्क काढणाऱ्यांची घरे होती.

दुसरीकडे युरोपात एक वेगळाच धागा चालू होता. बर्लिनचे औषधज्ञ कास्पर नॉयमान यांनी १७१९ साली थाइम नावाच्या झुडपाच्या तेलातून कापरासारखे स्फटिक मिळवले होते. १८५३ साली लालमाँ या फ्रेंच रसायनज्ञाने ते शुद्ध करून त्याला 'थायमॉल' नाव दिले. आणि १८५५-५६च्या सुमारास स्टेनहाउस आणि हेन्स या दोघा रसायनज्ञांच्या कामातून सिद्ध झाले, की ओव्याचे फूल आणि थायमॉल हा एकच पदार्थ आहे. उज्जैनच्या भट्टीवर आणि युरोपातल्या बागेत निसर्गाने तंतोतंत एकच रेणू घडवला होता.

नुसते एवढेच असते तर हा रेणू ग्रंथात पडून राहिला असता. पण १८६५च्या ऑगस्टमध्ये ग्लासगोच्या इस्पितळात जोसेफ लिस्टर यांनी गाडीखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या एका मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली आणि जखम सडली नाही. १८६७ साली त्यांनी ही पद्धत जाहीर केली. त्यानंतरच्या पिढीला इस्पितळाचा वास म्हणजे कार्बोलिकचा वास. पण कार्बोलिक कातडी जाळते; तोंडात घेण्यासारखे ते नव्हे. थायमॉल हे त्याच कुळातले, त्याच फिनॉल घराण्यातले. जंतू मारणारे, पण स्वभावाने बरेच मवाळ. सरांनी फळ्यावर दोन्हींची षट्कोनी चित्रे काढली होती आणि म्हणाले होते, "हा थोरला तापट भाऊ, हा धाकटा." मला रसायनशास्त्रातले एवढेच एक चित्र आजतागायत काढता येते.

अमेरिकेत सेंट लुई शहरी १८७९ साली डॉ. जोसेफ लॉरेन्स यांनी एक जंतुनाशक द्रव बनवला आणि लिस्टर यांच्या नावावरून त्याला 'लिस्टरीन' नाव दिले. लिस्टर यांचा त्या बाटलीशी संबंध केवळ नावापुरता. १८८१ साली जॉर्डन लँबर्ट यांनी ते बनवण्याचा हक्क लॉरेन्सकडून मिळवला. बाटलीत चार वासाचे पदार्थ विरघळवलेले होते, आणि ते आजही मूळ बाटलीवर छापलेले असतात: युकॅलिप्टॉल ०.०९२ टक्के, थायमॉल ०.०६४, मेथिल सॅलिसिलेट ०.०६०, आणि मेंथॉल ०.०४२. बेरीज करून पाहा, सर्व मिळून पाव टक्क्याहून किंचित अधिक. शंभर मिलिलिटरमध्ये एका ग्रॅमचा चतुर्थांश. बाकी पाणी आणि मद्यार्क. जुन्या बाटलीत मद्यार्क २६.९ टक्के असे, कारण ही तेले नुसत्या पाण्यात विरघळत नाहीत. जिभेला जी आग होते तिचा बराच वाटा या मद्यार्काचा. पण वास त्या पाव टक्क्याचा.

तेव्हा सरांचे म्हणणे पाव हिस्सा खरे होते. ओव्याचा वास त्यात आहे, पण तो एकटा नाही.

त्या कराराची एक गंमत सांगण्याचा मोह होतो. लँबर्टने विकलेल्या दर ग्रोस बाटल्यांमागे ठराविक रक्कम द्यायची असे ठरले होते, मुदत मात्र कोणी घातली नाही. पुढे १९३१ साली अमेरिकी वैद्यक संघाच्या नियतकालिकात तो नुस्खा छापून आला, गुपित जगजाहीर झाले. कंपनीने अखेर न्यायालयात विचारले, की आता गुपितच उरले नाही तर पैसे का द्यायचे? तोवर दोन कोटी वीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम देऊन झाली होती. १९५९ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने सांगितले, की करार केला आहे, माल विकता आहात, तेव्हा द्यावेच लागेल. उज्जैनच्या अत्तारांशी असा करार कोणी केला नव्हता.

हे औषध आरंभी शस्त्रक्रियेसाठी वैद्यांना विकत. मग फरशी पुसण्यापासून डोक्यातल्या कोंड्यापर्यंत अनेक उपयोग सांगून झाले. १८९५पासून ते दंतवैद्यांकडे गेले, १९१४पासून दुकानात चिठ्ठीवाचून मिळू लागले. परंतु खरा धंदा उघडला तो १९२०नंतर. जॉर्डन लँबर्टचा मुलगा जेरार्ड याच्या हाती एक अडगळीतला वैद्यकीय शब्द लागला: 'हॅलिटोसिस'. लॅटिन श्वास आणि ग्रीक प्रत्यय यांची ती जोडी. तोंडाला वास येतो असे म्हटले तर तो सर्वसामान्य माणसाचा दोष. हॅलिटोसिस म्हटले, की तो रोग. जाहिरातींतून एक सुस्वरूप तरुणी दाखवू लागले, जी मैत्रिणींच्या लग्नांत करवली होऊन मिरवते पण स्वतः कधी बोहल्यावर चढत नाही. आणि तिचे कारण तिला कोणी सांगत नाही, अगदी जिवलग मैत्रीणसुद्धा. लोक घाबरले. खप अफाट वाढला.

मी हा भाग वाचला तेव्हा मला हसू आले नाही. कारण नेमका हाच धंदा आम्ही आठवीत चालवला होता, तोही फुकट. आपल्याला स्वतःच्या तोंडाचा वास येत नाही. दुसऱ्याने सांगावा लागतो. या एका असहायतेवर जाहिरात उभी राहिली आणि आमचे टोपणनावही त्यावरच उभे होते. वास येण्याचे कारण बहुधा जिभेच्या मागच्या भागावर आणि दातांच्या फटींत राहणारे जंतू; ते गंधकयुक्त वायू सोडतात. आमच्या त्या वर्गमित्राची दाढ किडलेली होती. त्या चुळीनंतरच्या आठवड्यात सर त्याला सायकलवर बसवून इस्पितळात घेऊन गेले आणि ती काढवून आणली. ओव्याचे पाणी त्याच्यासाठी नव्हते, आमच्यासाठी होते, हे मला तेव्हा कळले नाही.

कंपनीलाही पुढे एकदा चूळ भरावी लागली. हे औषध सर्दी आणि घसादुखी टाळते असे ती वर्षानुवर्षे सांगत आली होती. १९७५ साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने हुकूम काढला, की तसे होत नाही हे कंपनीने आपल्याच जाहिरातींतून, सुमारे एक कोटी डॉलर खर्च होईपर्यंत सांगावे. १९७७ साली अपील न्यायालयाने तो हुकूम मुख्यतः कायम केला. हिरड्यांवरच्या थरासाठी मात्र औषधाचा उपयोग तपासांतून दिसला, आणि १९८७ साली अमेरिकी दंतवैद्य संघाने त्यावर आपली मोहोर दिली. दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

आता उरलेले तीन वास. त्यांतला मेथिल सॅलिसिलेट मला सर्वांत चमत्कारिक वाटतो. हे विंटरग्रीन नावाच्या झुडपाचे तेल. १८४३ साली फ्रान्समध्ये काहूर यांनी त्याची घडण उकलली. अमेरिकेत तो वास गोळ्यांचा आणि रूट बिअर नावाच्या पेयाचा, म्हणून तेथे तो गोड वाटतो. इंग्लंडात तोच वास अंग चोळण्याच्या मलमाचा, म्हणून तेथे नकोसा. आपण कोणत्या बाजूचे? डोकेदुखीवरचा पिवळा बाम आठवा. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ साली मुंबईत 'अमृतांजन' सुरू केले, त्यात हाच पदार्थ असतो. ज्या घरात आजी कपाळाला बाम लावून निजत असे, त्या घरातल्या माणसाला लिस्टरीनची बाटली उघडताच औषधाचा भास होतो. बाटली तीच, पण अमेरिकन नाकाला ती मिठाईच्या जवळची आणि आपल्या नाकाला आजारपणाच्या जवळची. गंधाचा अर्थ नाकात नसतो, घरात असतो.

विंटरग्रीनची एक बहीण आपल्या निलगिरी पर्वतावर उगवते. १८७०च्या सुमारास उटकमंडला सरकारी सिंकोना-रसायनज्ञ म्हणून काम करणारे ब्रॉटन यांनी तिच्या पानांच्या तेलापासून कार्बोलिक आम्ल करून दाखवले. लिस्टरचे औषध डोंगरातल्या पानातून! पण दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणारे कार्बोलिक स्वस्त पडत होते, म्हणून ते तेथेच राहिले.

निलगिरीवरून आठवले, ज्याला आपण 'निलगिरीचे तेल' म्हणतो ते झाड निलगिरीचे नाहीच. ते ऑस्ट्रेलियाचे. १८४३च्या सुमारास इंग्रजांनी ते त्या डोंगरावर लावले, सरपणासाठी. आणि मराठीने डोंगराचे नाव झाडाला आणि झाडाचे तेलाला देऊन टाकले. त्या तेलातला मुख्य पदार्थ युकॅलिप्टॉल, हे नाव १८७० साली क्लोएझ यांनी दिले. वाफाऱ्याच्या पातेल्यावर टॉवेल घेऊन बसलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे.

मेंथॉल म्हणजे पुदिन्याचे फूल, आपल्याकडे 'पिपरमिंट'. त्याचा वास थोडा आणि गारवा फार. तो गारवा खरा नसतो; तोंडाचे तापमान कमी होत नाही. थंडी ओळखणारा जो मज्जातंतूंवरचा ग्राहक असतो त्यालाच मेंथॉल चेतवते, हे २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखवले. दोघांना २०२१ सालचे नोबेल मिळाले. एकेकाळी जगाचे मेंथॉल जपानातून येई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो पुदिना येथे रुजला आणि आज बाराबंकी, रामपूर, संभळकडच्या शेतांतून जगाला पुरवठा होतो.

ओव्याच्या बाबतीत मात्र उलट झाले. पहिल्या महायुद्धापूर्वी आपला ओवा बीच्या रूपात पोत्यांनी जर्मनीला जाई. लाइपझिगजवळच्या शिमेल कंपनीसारखे कारखाने त्यातून थायमॉल काढीत आणि जगाला विकत. तेव्हा त्याची मागणी गुळणीपेक्षा फार मोठ्या कामासाठी होती: आतड्यातल्या अंकुशकृमीवर तेच औषध. रॉकफेलर यांच्या आरोग्य आयोगाने १९०९पासून अमेरिकेच्या दक्षिण भागात ते लक्षावधी लोकांना दिले. १९१४ साली युद्ध पेटले आणि वाट तुटली. थायमॉलचे भाव चढले, आणि ज्या देशातून ओवा जात होता त्या देशाला ते औषध दुर्मिळ झाले. मग हिंदुस्थानात ऊर्ध्वपातनाची यंत्रे बसली. थोडे दिवस चांगले गेले. युद्धानंतर क्रेसॉलपासून कृत्रिम थायमॉल स्वस्तात होऊ लागले, आणि अंकुशकृमीवर दुसरी औषधे आली. तो धंदा आटला. आपल्या माणसांना रसायन येत नव्हते असे म्हणता येणार नाही. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या काळात कलाभवन उभे होते, गज्जर आणि कोटीभास्कर यांच्यासारखी माणसे होती, १९०७ साली तेथे अलेंबिक निघाली. पण फूल येथे उमलत होते हे माहीत असूनही आपण बी विकत राहिलो.

घरगुती व्यवहारात मात्र ते टिकले. १९०१ साली लाहोरला पंडित ठाकुरदत्त शर्मा यांनी 'अमृतधारा' काढली: कापूर, ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल. तिन्ही कोरडे खडे एका बाटलीत घालून हलवले, की पाणी न घालता आपोआप द्रव होतो. सर हा प्रयोग दरवर्षी करून दाखवीत आणि दरवर्षी मुले टाळ्या पिटीत. आता लिस्टरीनच्या शेजारी ठेवून पाहा: दोन पदार्थ दोन्हीकडे समान. कोणी कोणाचे घेतले याचा पुरावा माझ्याकडे नाही आणि तसा तो असण्याची गरजही नाही. ओवा आणि पुदिना ज्याच्या हाताशी असतील त्याला ते एकत्र करण्याची बुद्धी होणारच.

तो वर्गमित्र दाढ काढल्यावर पुन्हा पुढच्या बाकावर आला. पण आठवीनंतर त्याने शाळा सोडली, वडिलांच्या दुकानात बसला असे ऐकले. मी त्याची क्षमा मागितली नाही. ती मागायला हवी हे कळेपर्यंत त्याचा पत्ता उरला नव्हता. आज या सभागृहात त्याच्या ओळखीचे कोणी असेल तर व्याख्यानानंतर मला भेटावे.

मागील महिन्यात, या व्याख्यानाची तयारी करताना, मी सियागंजात गेलो. जडीबुटीच्या एका जुन्या दुकानात ओव्याचे फूल मागितले. गल्ल्यावरच्या तरुणाने दोन बरण्या पुढे केल्या आणि विचारले, "बाबूजी, असली वाला दूँ, या कारख़ाने वाला? खुशबू दोनों में एक ही है।" भाव मात्र एक नव्हता. मी दोन्हींचे तोळा तोळा घेतले. पुड्या येथे टेबलावर ठेवल्या आहेत. वरती नाव लिहिलेले नाही. ज्यांना ओळखून पाहायचे असेल त्यांनी पुढे यावे.